सोलापुरात नव्याने सायकल चालवणाऱ्यांसाठी: रस्त्यावरच्या रीती आणि न बोललेली चुरस

सोलापुरात नव्याने सायकल घेतलेल्या माणसाला सीटची उंची किती ठेवावी, चढावर कोणता गियर टाकावा, हेल्मेट कोणते घ्यावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पुढे चाललेल्या अनोळखी सायकलस्वाराला ओलांडायचे कसे, तो आपल्याला ओलांडून गेला तर काय करायचे, आणि त्याच्या चाकामागे किती वेळ राहिलेले चालते, हे मात्र कोणी सांगत नाही. या रीती कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत आणि त्या मोडल्या म्हणून पावती फाटत नाही. तरीही रस्त्यावरच्या इतर सायकलस्वारांचे तुमच्याविषयीचे मत त्यांवरूनच बनते, आणि सायकलला सायकल लागून होणारे पुष्कळ अपघात याच जागी होतात.

हा लेख स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी नाही. ज्यांना आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे शहराबाहेर वीस-तीस किलोमीटर जाऊन यायचे आहे आणि रस्त्यावर भेटणाऱ्या इतर सायकलस्वारांशी कसे वागावे याचा ज्यांना अंदाज नाही, त्यांच्यासाठी तो आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, एका सायकलने दुसरीला ओलांडणे हा दोन माणसांमधला व्यवहार असतो आणि तो नीट पार पाडण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची असते. पुढचे बहुतेक मुद्दे यातूनच निघतात.

१. निघण्यापूर्वी: सामान आणि कागद

यादी मोठी नाही, पण यातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी उपयोगी पडते.

- हेल्मेट, आणि उजेड होण्यापूर्वी निघणार असाल तर पुढे पांढरा व मागे लाल दिवा. मागचा दिवा लुकलुकणारा असेल आणि तुम्ही गटात असाल, तर तो स्थिर ठेवावा; मागच्याच्या डोळ्यांना लुकलुक असह्य होते.
- घंटी. महागड्या सायकलीवर ती शोभत नाही किंवा वजन वाढते म्हणून पुष्कळ जण काढून टाकतात. या लेखापुरते बोलायचे तर हेल्मेटनंतर तीच सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे.
- एक जादा ट्यूब, दोन टायर लीव्हर (टायर रिमवरून उचकटण्याच्या पट्ट्या), हातपंप आणि पॅच. शहराबाहेर रस्त्याच्या कडेला बाभळी आहेत आणि त्यांचे काटे डांबरावर येतात. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधून काढावा, नाहीतर नवी ट्यूबही दोन किलोमीटरवर बसते.
- तुमच्या ट्यूबला बारीक, लांब व्हॉल्व्ह असेल तर त्याचा पितळी अडॅप्टर. गावोगावच्या पंक्चरच्या दुकानांत हवा भरण्याची नळी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हची असते. अडॅप्टर नसेल तर दुकान उघडे असूनही उपयोग नाही.
- पाण्याच्या दोन बाटल्या. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी पार करतो, म्हणून त्या दिवसांत साडेसात-आठपर्यंत घरी पोहोचण्याच्या हिशेबानेच निघावे.
- ओळखपत्राची प्रत, आणि मागच्या बाजूला रक्तगट व घरच्या माणसाचा मोबाईल क्रमांक. मोबाईलला कुलूप असते, कागदाला नसते.
- सायकलचे बिल आणि फ्रेम क्रमांकाचा फोटो. हे दोन्ही घरी राहू द्यावेत. क्रमांक बहुधा पेडलच्या आसाखाली, सायकल उलटी केल्यावर दिसतो. सायकल चोरीला गेल्यावर तक्रार देताना ती आपलीच आहे हे सांगण्यासाठी दुसरे साधन नसते.

२. रस्ता निवडणे आणि त्यावर आधीपासून कोण आहे हे पाहणे

पहिले काही आठवडे विजापूर रोडवरचा कंबर तलाव किंवा होटगी रोड इतक्यावरच समाधान मानावे. त्यापुढे अक्कलकोट रस्ता, हैदराबाद रस्त्यावर बोरामणीपर्यंत, विजापूर रस्त्याने तेरामैल आणि जमल्यास भीमेकाठच्या टाकळीपर्यंत, तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या तलावापर्यंत, आणि बार्शी रस्त्याने नान्नजपर्यंत अशा वाटा आहेत. नान्नजचा परिसर माळढोक अभयारण्याचा आहे. तिथे ओरडाआरडा आणि मोठ्या आवाजातली गाणी टाळावीत. तुळजापूर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर आहे आणि शेवटी बालाघाटाची चढण लागते, म्हणून ते पहिल्या महिन्याचे काम नाही.

महामार्गावर पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे राहावे, पण तिथेही समोरून उलट्या दिशेने मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर येऊ शकतो हे गृहीत धरावे. उसाच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून पुढे, दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारातही चालू असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असे नाही आणि खाली सांडलेल्या उसावरून सायकलचे अरुंद चाक सरकते.

सणांचेही भान ठेवावे. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, तेव्हा जुन्या शहरातून सायकल काढण्याचा विचार करू नये. कोजागिरीच्या आधी तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांनी तो रस्ता भरून जातो. तो त्या दिवशी त्यांचा असतो. आषाढीला शेगावची पालखी सोलापुरातून जाते, तेव्हाही तसेच. वारकऱ्यांच्या मधून घंटी वाजवत वाट काढणारा सायकलस्वार कोणालाच आवडत नाही, त्याच्या गटातल्यांनाही नाही.

आता माणसांविषयी. नवीन माणसाला वाटते की पहाटेच्या रस्त्यावरचे सायकलस्वार म्हणजे रंगीत जर्सी घातलेले आपल्यासारखे लोक. प्रत्यक्षात अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीच्या बाजूने शहराकडे येणाऱ्या, हँडलला डब्याची पिशवी अडकवलेल्या माणसांनी तो रस्ता आपल्याआधी कितीतरी वर्षे वापरला आहे. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतले कामगार, रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन, पेपर टाकणारी मुले, बांधकामावर चाललेले गवंडी, हे सगळे सायकलस्वारच आहेत, आणि आपण हौसेखातर चाललेलो असताना ते कामावर चाललेले असतात. घाई त्यांना असते, आपल्याला नसते.

त्यांच्या सायकलीचा एक गुण लक्षात ठेवावा. जुन्या काळ्या सायकलींना पुष्कळदा सळईचे ब्रेक असतात. ते चाकाच्या रिमला आतून घासतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड फार उशिरा बसते. तुमचे डिस्क ब्रेक दोन बोटांनी लागतात, त्यांचे मूठभर दाबूनही लागत नाहीत. म्हणून अशा सायकलला ओलांडून लगेच तिच्यापुढे येऊन वेग कमी करणे हा उद्धटपणा तर आहेच, शिवाय मागून धडक खाण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

३. दुसऱ्याला ओलांडणे

हे काम पायऱ्यांनी करावे.

पहिली पायरी, मागे पाहणे. ओलांडण्यासाठी तुम्हाला उजवीकडे सरकावे लागणार, म्हणजे मागून येणाऱ्या गाड्यांच्या वाटेत जावे लागणार. मान उजवीकडे वळवली की नवशिक्याची सायकलही उजवीकडे वळते, म्हणून मोकळ्या रस्त्यावर आधी याचा सराव करावा.

दुसरी पायरी, वर्दी देणे. दहा-पंधरा मीटर आधी घंटी एकदा वाजवावी आणि थांबावे. जवळ जाऊन एकदम वाजवली तर पुढचा माणूस दचकतो आणि बहुतेक वेळा उजवीकडेच वळून पाहतो, आणि त्याची सायकल नेमकी तुमच्या वाटेत येते. ‘उजवीकडून येतोय’ असे ओरडल्यावर तर काही जण चक्क उजवीकडे सरकतात, कारण त्यांच्या कानावर फक्त ‘उजवीकडे’ एवढेच पडते. त्याऐवजी वयाने मोठ्या माणसाला ‘काका’ किंवा ‘मामा’, बरोबरीच्याला ‘दादा’ अशी साधी हाक पुरते. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे लोक पुष्कळ आहेत आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. ‘अण्णा’ ही हाक दोन्हीकडे चालते आणि मराठी माणसालाही खटकत नाही. हाक दिल्यावर त्याची मान किंचित हलेपर्यंत, निदान सायकल सरळ धरेपर्यंत, मागेच राहावे.

तिसरी पायरी, अंतर ठेवून जाणे. हात लांब केला तर बोटे लागणार नाहीत इतकी जागा मधे हवी. डावीकडून, म्हणजे तो आणि रस्त्याची कड यांच्या मधून, कधीही घुसू नये. खड्डा चुकवायला तो तिकडेच वळणार आहे.

चौथी पायरी लोक विसरतात: पुढे गेल्यावर त्याच वेगाने जात राहणे. ओलांडताना जोर लावायचा आणि पन्नास मीटरवर दमून पूर्ववत व्हायचे, हे सोलापूरच्या प्रत्येक रस्त्यावर रोज दिसते. मागचा माणूस मग तुम्हाला पुन्हा ओलांडतो, तुम्हाला ते सहन होत नाही, आणि अनोळखी दोघे जण दोन किलोमीटर एकमेकांच्या पुढे-मागे करत राहतात. इतका वेग टिकणार नसेल तर ओलांडूच नये; मागे पाच-सहा मीटर अंतर ठेवून निवांत जावे. ओलांडण्यासाठी तुमचा नेहमीचा वेग त्याच्यापेक्षा खरोखर जास्त असला पाहिजे, आणि तसा असेल तर जोर लावायची गरजच पडत नाही.

जाताना ‘राम राम’, ‘जय हरी’ किंवा नुसती मान हलवणे, यातले काहीही चालते. वेगाची टिंगल वाटेल असे काही बोलू नये. ‘काका, जोर लावा!’ हे चेष्टेने म्हटलेले वाक्य बारा तास यंत्रमागावर उभा राहून घरी निघालेल्या माणसाला गोड लागत नाही.

४. तुम्हाला कोणी ओलांडले तर

खरी चुरस इथे सुरू होते आणि ती कोणीही कबूल करत नाही.

लक्षणे सांगतो, म्हणजे ओळखता येतील. मागून फ्रीव्हीलचा (पेडल थांबवले की वाजणाऱ्या मागच्या दातेरी चक्राचा) बारीक टकटक आवाज येतो, मग तो थांबतो, म्हणजे मागच्याने पेडल मारायला सुरुवात केली. तुम्ही नकळत एक गियर जड टाकता. तो शेजारी येतो. दोघेही तोंड मिटून नाकाने श्वास घेता, जणू काही श्रम पडतच नाहीत. नेमक्या त्या क्षणी पाण्याची बाटली काढावीशी वाटणे हाही त्यातलाच प्रकार, कारण एका हाताने सायकल चालवत पाणी पिणारा माणूस निवांत दिसतो. तो पुढे गेला की तुम्ही त्याच्या सायकलकडे पाहता आणि ती आपल्यापेक्षा महाग असल्याचे समाधान मिळवता. ती स्वस्त निघाली तर मात्र दिवस खराब जातो. नंतर चहाच्या टपरीवर भेट झालीच तर ठरलेली वाक्ये असतात: आज फक्त पाय मोकळे करायला निघालो होतो, गुडघा जरा कुरकुरतोय, काल शंभर झाले ना, त्यामुळे.

यात वाईट काही नाही. थोडी चुरस असल्याशिवाय माणूस पहाटे पाचला उठत नाही, आणि वेगवान सायकलस्वार दिसल्यामुळे आपला वेग वाढतो हे खरे आहे. पण काही मर्यादा पाळाव्या लागतात.

तुम्हाला ओलांडले जात असताना वेग वाढवू नये. हा एकच नियम लक्षात राहिला तरी पुरे. तो उजव्या बाजूला, गाड्यांच्या वाटेत असतो. तुम्ही वेग वाढवलात की त्याचा तिथला मुक्काम लांबतो, आणि मागून ट्रक आला तर त्याला परत डावीकडे यायला जागा उरत नाही. तो पूर्ण पुढे जाऊन डावीकडे येईपर्यंत आपला वेग आणि आपली सरळ रेघ कायम ठेवावी. त्यानंतर वाटल्यास त्याचा पाठलाग करावा, पण वर सांगितलेल्या पायऱ्यांनीच.

शहराच्या आत चुरस पूर्ण बंद. सात रस्ता, आसरा चौक, अशोक चौक अशा ठिकाणी सकाळी रिक्षा, सिटी बस, शाळेच्या गाड्या आणि रस्ता ओलांडणारी माणसे एकाच वेळी असतात. सिग्नलला मागून येऊन, थांबलेल्या सायकलस्वाराच्या पुढे चाक काढून उभे राहू नये. ज्याला तुम्ही रस्त्यात गाठू शकला नाहीत, त्याला सिग्नलवर मागे टाकण्यात काही कमाई नाही, आणि हिरवा दिवा लागल्यावर त्याला तुम्हाला पुन्हा ओलांडण्याचे काम पडते.

स्त्रियांनी ओलांडल्यावर जे घडते, त्याबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. एरवी संथ चाललेले पुरुष, एखादी स्त्री पुढे गेली की अचानक उभे राहून पेडल मारू लागतात, तिच्या पुढे जातात आणि दम लागून तिथेच रेंगाळतात. काही जण तिच्या चाकामागे निमूट येत राहतात. पहिला प्रकार हास्यास्पद आहे. दुसरा भीतिदायक आहे: पहाटेच्या अंधारात, मोकळ्या रस्त्यावर, एक अनोळखी माणूस काही न बोलता मागे येतो आहे हे तिच्या बाजूने पाहावे. स्त्रीच्या मागे अंतर वाढवून चालावे, किंवा हाक देऊन एकदाच पुढे जाऊन तसेच दूर निघून जावे. सल्ला देऊ नये. सीट उंच हवी, गियर चुकीचा आहे, असे न मागितलेले सल्ले त्यांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त ऐकावे लागतात, आणि पुष्कळदा सल्ला देणाऱ्याचीच सीट खाली असते.

शाळकरी मुले या सगळ्याला अपवाद आहेत. दप्तर पाठीला लावलेला सातवी-आठवीतला मुलगा तुमची जर्सी पाहून शर्यत लावणारच. रस्ता मोकळा असेल तर त्याला जिंकू द्यावे. रहदारी असेल तर स्वतः थांबून पाणी प्यावे, म्हणजे शर्यत आपोआप संपते.

५. दुसऱ्याच्या चाकामागे राहणे

पुढच्या सायकलच्या जवळ मागे राहिले की तो हवा कापतो आणि तुमचे श्रम वाचतात. पंचवीस-तीस किलोमीटरच्या वेगाला सायकलस्वाराची बरीचशी ताकद हवेचा विरोध मोडण्यातच जाते, त्यामुळे ही बचत जाणवण्याइतकी मोठी असते. म्हणूनच चाकामागे राहणे म्हणजे एक प्रकारे उसने घेणे आहे, आणि अनोळखी माणसाकडून उसने घ्यायचे तर विचारावे लागते. ‘दादा, थोडा वेळ मागे राहू का?’ एवढे पुरते. तो बहुतेक वेळा हो म्हणतो. काही वेळाने आपण पुढे जाऊन त्याला आडोसा द्यावा. तेवढी ताकद नसेल तर तसे सांगावे, त्यात कमीपणा नाही. मात्र तीन किलोमीटर फुकट मागे राहून, शेवटच्या उड्डाणपुलाच्या चढावर ताज्या पायांनी त्याला ओलांडून जाणे हे सोलापुरात काय, कुठेच क्षम्य मानले जात नाही.

यातला धोका समजून घ्यावा. तुमचे पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला जाऊ देऊ नये. अशी चाके शेजारी आल्यावर त्याने खड्डा चुकवायला वीतभर जरी बाजू बदलली, तरी त्याचे मागचे चाक तुमच्या पुढच्या चाकाला घासते. त्याचे मागचे चाक सरळच राहते, पण तुमचे पुढचे चाक वळते आणि हँडल हातातून जातो. म्हणजे चूक कोणाचीही असो, पडतो तो मागचाच. सुरुवातीला एका सायकलची लांबी इतके अंतर ठेवावे. बचत कमी होते, दात शाबूत राहतात.

६. गटातून जाणे

ओळखीच्या गटाबरोबर पहिल्यांदा जाताना आधी दोन गोष्टी विचाराव्यात: वेग साधारण किती असतो, आणि मागे पडलेल्यासाठी गट थांबतो का. दोन्ही प्रकारचे गट असतात आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. न थांबणाऱ्या गटात नवख्याने जाऊन नंतर तक्रार करण्यात अर्थ नसतो.

पुढचा माणूस हाताने खड्डा दाखवतो, तो इशारा मागच्याने आपल्या मागच्याला द्यायचा असतो. साखळी तुमच्यापाशी तुटू नये. काच, वाळू, स्पीडब्रेकर, मागून आलेली गाडी यांची वर्दी तोंडाने द्यावी. दोघांनी शेजारी-शेजारी गप्पा मारत जाणे फक्त रिकाम्या गावरस्त्यावर. महामार्गावर एका रांगेत. पुढे राहण्याची पाळी आली की पुष्कळ नवशिके वेग वाढवतात, कारण सगळे आपल्याकडे पाहत आहेत असे त्यांना वाटते. मागची रांग त्यामुळे फाटते. गटाचा चालू वेग आहे तोच ठेवावा, दमायच्या आधी मागे पाहून उजवीकडे सरकावे, वेग किंचित कमी करावा आणि रांगेच्या शेवटी जाऊन लागावे.

कुत्र्यांविषयी वेगळे सांगायला हवे, कारण गटाची खरी परीक्षा तिथे होते. कुत्री धावून आली की पुढचे वेगवान लोक सुटतात आणि कुत्री शेवटच्याला गाठतात, आणि शेवटचा बहुधा सर्वांत नवा असतो. सर्वांनी मिळून वेग कमी करावा, आवाज खाली ठेवून रागवावे, गरज पडल्यास उतरून सायकल मधे धरावी. थांबलेल्या सायकलीत कुत्र्यांचा रस बहुतेक वेळा संपतो.

७. वारा आणि ॲप

स्ट्राव्हासारखे सायकलफेरीची नोंद ठेवणारे ॲप रस्त्याचे ठरावीक तुकडे (सेगमेंट) करून प्रत्येकाच्या वेळेची यादी लावते, आणि मग चुरस न दिसणाऱ्या माणसांशी सुरू होते. यादीकडे पाहण्यापूर्वी वारा पाहावा. पावसाळ्यात सोलापुरात वारा पश्चिम-नैऋत्येकडून जोरात वाहतो, म्हणून बोरामणी किंवा अक्कलकोटकडे जाताना तो पाठीशी असतो आणि परतताना छातीवर. जाताना मिळालेला वेग स्वतःचा समजून नवखे लोक दूर निघून जातात आणि येताना त्यांची दमछाक होते. त्या दिवसांत शक्यतो आधी वाऱ्याच्या विरुद्ध निघावे, म्हणजे मोहोळच्या दिशेने, आणि परतीला त्याचा फायदा घ्यावा. थंडीत वाऱ्याची दिशा साधारण उलटी होते. त्यामुळे जुलैतल्या एखाद्या दिवसाचा विक्रम डिसेंबरमध्ये मोडता येत नसेल, तर त्यात तुमच्या पायांचा दोष असेलच असे नाही.

सेगमेंटसाठी सिग्नल तोडणे, चालायला आलेल्या लोकांच्या मधून तलावाकाठी वेगात जाणे, हे करू नये. तलावाकाठचा रस्ता सकाळी चालणाऱ्यांचा आहे. आणखी एक सूचना: ॲपमध्ये घराच्या आसपासचा भाग लपवण्याची सोय असते, ती पहिल्याच दिवशी सुरू करावी. महागडी सायकल रोज कुठून निघते आणि कुठे परतते हे सर्वांना दाखवण्याचे कारण नाही.

चुरस आवडत असेल आणि ती सभ्य रीतीने भागवायची असेल, तर वर्षभरात ब्रेव्हेची, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची, तयारी करावी. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत अशी मुदत असते. त्यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. मुदतीत पोहोचलेले सर्व जण सारखेच. दिवे आणि परावर्तक जाकीट याबाबतचे नियम नोंदणी करतानाच वाचून घ्यावेत, कारण सुरुवातीच्या तपासणीत ते नसतील तर निघू देत नाहीत.

८. रस्त्यात थांबलेला सायकलस्वार दिसला तर

वेग कमी करून ‘सगळं ठीक आहे ना?’ असे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. तो ओळखीचा नसला तरी, मघाशी तुम्हाला ओलांडून गेलेला तोच असला तरी, आणि विशेषतः तो हँडलला डबा अडकवलेला कामगार असला तरी. त्याने ‘ठीक आहे’ म्हटले की निघावे. ठीक नसेल तर पंप द्यावा. तुमची ट्यूब त्याच्या चाकाला बसणार नाही, पण पॅच कोणत्याही ट्यूबला चालतो आणि चेन उतरली असेल तर चार हात बरे. कामावर चाललेल्या माणसाची पाळी सुरू होण्याची वेळ विचारावी. जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत त्याची सायकल ढकलत नेण्यापेक्षा ती तुमच्याजवळ ठेवून त्याला एखाद्या मोटारसायकलवर बसवून देणे कधीकधी जास्त उपयोगाचे असते.

तुम्हाला कोणी ट्यूब दिली तर पैसे देऊ करू नयेत, बहुतेक जण घेत नाहीत. मोबाईल क्रमांक घ्यावा आणि त्याच आठवड्यात नवी ट्यूब परत करावी. परत करताना माप आणि व्हॉल्व्ह दोन्ही पाहावे: माप टायरच्या कडेला उठावाच्या अक्षरांत असते, आणि चाकाची रिम खोल असेल तर लांब व्हॉल्व्हच लागतो, आखूड दिला तर पंपाचे तोंड त्यावर बसत नाही.